आधी टाइप, मग टॅग

भोर किंवा वेल्हे तालुक्यातला कोणताही सातबारा समोर घ्या. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये. धारणा भोगवटादार वर्ग १, वर्ग २ किंवा सरकारी पट्टेदार. डोंगरउताराच्या जमिनीला पोटखराबा वेगळा. आणि एकाच गटावर चुलत्या-पुतण्यांची, बहिणींची नावे. ही माहिती एक्सएमएलमध्ये देताना आपल्यापैकी अनेक जण अजूनही टॅग आणि मजकूर एकमेकांना जोडून ओळी तयार करतात. ही पद्धत आता सोडायलाच हवी. एखाद्या संस्थेच्या नावात '&' आले, की अख्खा दस्तऐवज वाचता येत नाही. हा दोष निदान लगेच दिसतो. पोटखराब्याचा रिकामा टॅग मात्र तपासणीतून सहज निसटतो: क्षेत्र शून्य आहे, की नोंदच झालेली नाही? शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हॅस्केलमध्ये हा फरक टाइपमध्येच मांडता येतो. पोटखराबा 'मेबी' ठेवा, धारणेचे प्रकार स्वतंत्र कन्स्ट्रक्टर करा, क्षेत्र पूर्णांक चौरस मीटरमध्ये साठवा. ०.४०.०० म्हणजे ४,००० चौरस मीटर. दशांश अपूर्णांकाचा संबंधच उरत नाही. माल्कम वॉलेस आणि कॉलिन रन्सिमन यांनी १९९९ मध्येच, एक्सएमएल १.० ला जेमतेम दीड वर्ष झाले असताना, डीटीडीवरून हॅस्केलचे टाइप तयार करण्याची वाट दाखवली होती. पुढे पिकलर आले. त्यांत लिहिण्याची आणि वाचण्याची व्याख्या एकच असल्याने दोन्ही बाजूंचे कोड हळूहळू वेगळे पडत नाही. आमच्या मते एवढ्या एका कारणासाठीही ही पद्धत स्वीकारावी.

तालुक्याच्या नावाचेही तेच. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये नाव हीच ओळख होती, त्यांच्या जुन्या आणि नव्या फायली एकमेकींशी जुळणार नाहीत. ओळखीसाठी संकेतांक असावा. नाव ही बदलू शकणारी माहिती आहे आणि टाइपमध्ये तिची जागा तशीच हवी.

लिहिलेले परत वाचले की मूळ मूल्यच मिळते, ही चाचणी क्विकचेकने प्रत्येक बदलानंतर चालवा. त्यात रिकामा पोटखराबा, लांबलचक खातेदार-यादी आणि 'ऱ्हा'सारखी जोडाक्षरे मुद्दाम घाला. सातबारासाठी तुम्ही केलेल्या टाइपव्याख्या, खातेदारांची नावे वगळून, आमच्याकडे पाठवा. निवडक व्याख्या पुढील अंकात छापू.