याला जुगाड म्हणू नका

मुरबाडजवळच्या एका गावात हळदीची रात्र होती. बेंजो पार्टी रंगात आली होती आणि बेंजोची वायर माझ्या डब्यातून अँपला जात होती. हा डबा म्हणजे मी घरी बनवलेलं फझ पेडल. मुळात गिटारसाठी केलेलं. पायानं स्विच दाबला की सूर फाटतो, घोगरा होतो, अंगावर येतो. गाणं संपल्यावर ठाण्याहून आलेले एक पाहुणे मोबाईल घेऊन जवळ आले. त्यांनी डब्याचे फोटो काढले आणि खांद्यावर थाप मारून म्हणाले, "भारी जुगाड केलायस रे!"

मी हसलो. पण बाईकवरून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला येईपर्यंत ते वाक्य खुपत राहिलं. का खुपलं ते सांगायचं तर आधी डब्यात काय घडलं होतं ते सांगायला हवं.

सर्किट इंटरनेटवरचं, अमेरिकन माणसानं काढलेलं. पार्ट आणायला आसनगावहून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. यादीतला टू-एन ३९०४ ट्रान्झिस्टर दुकानात नव्हता. दुकानदारानं बीसी ५४७ पुढे केला. "दोन्ही एनपीएन, चालतंय." घेतला. चार रात्री सोल्डरिंग केलं. पत्र्याच्या डब्याला काळा रंग मारला. गिटार लावली. पेडल बंद असताना आवाज खणखणीत. चालू केलं, तर शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजतंय असा.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमची असती तीच होती: सगळं उपटून पुन्हा जोडू. तसं केलंही. पुन्हा तीच कुजबुज.

मुरबाडला माझे मामा माईकसेट भाड्यानं देतात, अँपही दुरुस्त करतात. डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी लगेच सोल्डरिंग गन उचलली, तर म्हणाले, "आधी हात खिशात घाल. काय बंद आहे ते नंतर. चालू काय आहे ते सांग."

पेडल बंद असताना गिटार नीट वाजते. म्हणजे दोन्ही जॅक ठीक, केबल ठीक, नऊ पायांच्या फूटस्विचची ती बाजू ठीक. एका वाक्यात अर्धा डबा संशयातून सुटला. बॅटरी मोजली, नऊ व्होल्ट भरले. मग मामांनी एका वायरच्या टोकाला छोटा कपॅसिटर जोडला, वायरचं दुसरं टोक आणि अर्थ अँपला दिला. मी तार छेडत राहायचं आणि ते कपॅसिटरचं टोक सर्किटच्या एकेका सांध्याला टेकवणार. डॉक्टर छातीवर नळी फिरवतो तसं. इनपुटला आवाज आहे. पहिल्या कपॅसिटरनंतर आहे. ट्रान्झिस्टरच्या बेसला आहे. त्याच्या पलीकडे बेसवर होता तेवढाही नाही.

चोर सापडला, पण गुन्हा कळायचा होता. जिथे साडेचारच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत तिथे मीटर साडेआठच्या वर दाखवत होता. म्हणजे ट्रान्झिस्टरमधून करंट जेमतेम वाहतोय. मामांनी तो काढला, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला आणि मधल्या पायापासून दोन्ही बाजू मोजल्या. एका बाजूचा आकडा किंचित जास्त आला. "हा एमिटर. तू कलेक्टरच्या भोकात घातलायस."

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर टू-एन ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. दोघं दिसायला जुळे, पाय मात्र उलटे. उलटा ट्रान्झिस्टर मरत नाही, नुसता आळशी होतो. म्हणून तर कुजबुज. फिरवून बसवला, आणि मामांच्या दुकानातली भांडी वाजली.

मग उरली गुणगुण. डब्याला हात लावला की ती कमी व्हायची. डब्याच्या पत्र्याला अर्थ मिळत नव्हता, कारण जॅकच्या वॉशरखाली माझा हौसेचा काळा रंग होता. पॉलिश पेपरनं तेवढी जागा घासली. शांत.

आता सांगा, यात जुगाड कुठे आहे? काय चालू आहे ते ठरवणं, संशय निम्मा करत जाणं, मोजणं, अंदाज बांधणं, तो तपासणं, आणि का बिघडलं ते कळल्यावरच हात घालणं. याला जगात सगळीकडे इंजिनिअरिंग म्हणतात. जुगाड म्हणजे चाललं, पण का चाललं ते ठाऊक नाही. मी सगळं उपटून पुन्हा जोडलं तो जुगाडाचा प्रयत्न होता, आणि तो फसला.

या फझचा जन्मही एका बिघाडातूनच झाला. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशविलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटला. ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनिअरनं तो बिघाड समजून घेतला, तोच परिणाम देणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट सोबत्याबरोबर बनवलं आणि ते गिब्सन कंपनीला विकलं. १९६२ मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. त्याचं पेटंटही निघालं. नॅशविलमध्ये बिघाड वाचता येणं हा शोध. मुरबाडमध्ये तेच कसब म्हणजे जुगाड. फरक सर्किटमध्ये नाही, पत्त्यात आहे.

तुम्ही म्हणाल, अरे, कौतुकच तर केलं त्यांनी! मान्य. पण हे कौतुक फार स्वस्तात पडतं. २०१२ मध्ये 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं पुस्तक आलं आणि हा शब्द मॅनेजमेंटच्या वर्गात जाऊन बसला. टंचाईतून कल्पकता येते म्हणे. येत असेलही. पण टंचाईचे गोडवे गायले की ती दूर करायची घाई कुणाला राहत नाही. आमच्या शहापूर तालुक्याला हे कुणी शिकवायला नको. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, नंतर भातसाचंही जायला लागलं. आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हंड्यांच्या रांगेतल्या बाईला "काय सहनशक्ती आहे!" म्हणणं आणि मला "काय जुगाड आहे!" म्हणणं, दोन्ही एकाच जातीचं कौतुक. ऐकून बरं वाटतं, मिळत काही नाही.

मला काय मिळायला हवं होतं? मी ज्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो तिथे मल्टिमीटर कपाटात असायचा आणि किल्ली रजेवर. रीडिंगं आम्ही मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली. सगळ्यांची बरोबर आली. तीन वर्षांत एकदाही कुणी मुद्दाम बिघडवलेलं सर्किट पुढ्यात ठेवून "यात काय चुकलंय ते शोध" म्हटलं नाही. ट्रान्झिस्टरची व्याख्या मला तोंडपाठ होती. त्याचा पाय ओळखायला मुरबाडला जावं लागलं.

आणि मामांना काय मिळतं? अँप दुरुस्त करून पन्नास रुपये मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, "दोन रुपयांचा तर पार्ट बदललात." पार्टची किंमत सगळ्यांना समजते, तोच पार्ट गेलाय हे ओळखण्याची कुणाला द्यायची नसते. कारण ती विद्या आहे असं आपण मानतच नाही. काहीतरी खटपट केली, जमलं, जुगाड! एकदा हा शब्द चिकटला की मजुरी घासाघिशीत जाते.

मी जुगाड करतच नाही असं नाही. पेडलचा डबा बिस्किटांचा होता. त्याला खुशाल जुगाड म्हणा. पण डबा आणि डब्यातलं यांत फरक करा. ज्या बेंजोवर ती हळद नाचली, तो बेंजोसुद्धा मूळचा जपानचा. १९१२ मध्ये नागोयात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या खुंट्या बसवून तैशोगोतो बनवलं, ते भारतात बुलबुल तरंग झालं. आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांनी त्याला पिकअप लावून अख्खं गाव हलवेल असं वाद्य केलं. ते करणाऱ्यांची नावं आपण नोंदवून ठेवली नाहीत. जुगाड करणाऱ्याचं नाव कोण लिहितं?

त्यामुळे पुढच्या वेळी कुणाचा घरचा डबा वाजताना दिसला, तर फोटो जरूर काढा. फक्त एक प्रश्न विचारा: "बिघडलं होतं तेव्हा कसं शोधलंस?" उत्तर लांबेल, हळद उरकेल, पण ऐका.

माझ्या पेडलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं लिहून ठेवलंय: बीसी ५४७, सपाट बाजू समोर, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जॅकखालचा रंग घासलेला आहे, पुन्हा मारू नये. माझ्यानंतर कुणी हा डबा उघडलाच, तर त्याला सोपं जावं म्हणून.