पेनकिलरची स्ट्रिप आधी उलटून वाचा

अंधेरी असो की मुलुंड, स्टेशनाबाहेर पडलं की दोन मिनिटांत औषधाचं दुकान लागतं, आणि कंबर नाहीतर गुडघा धरून कुणीतरी तिथे उभंच असतं. "दुखण्याची गोळी द्या." चिठ्ठी नाही, चौकशी नाही. घरात लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण असेल, विशेषतः त्याच्या पोटात पाणी होत असेल, तर ही गोळी त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. नुसतं 'देऊ नका' सांगून आपल्याकडे कुणी ऐकत नाही, म्हणून कारणही सांगतो.

1988 मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या मासाशी यानागिसावा, तोमो मासाकी आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींपासून एक पदार्थ वेगळा केला. त्याचं नाव एंडोथेलिन. जेमतेम 21 अमिनो आम्लांची साखळी, पण रक्तवाहिनी आवळण्यात याच्या तोडीचं शरीरात फारसं काही नाही. (एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषात जवळपास असाच पदार्थ सापडतो, यावरून काय ते समजा.) निरोगी माणसाच्या रक्तात तो अगदी नावापुरता असतो. सिरॉसिसमध्ये वाढतो, आणि लिव्हरमुळे किडनी बंद पडू लागलेल्यांत तर फारच चढलेला असतो, असं 1992 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं.

लिव्हरमध्ये तो तिथल्या ताराकृती पेशींना आकुंचन पावायला लावतो, त्यामुळे आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट आणखी चिंचोळी होते आणि मागे दाब वाढतो. किडनीतल्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. यात एंडोथेलिन एकटा नसतो. रेनिन आणि नॉरॲड्रेनलिनचाही जोर त्याच बाजूला असतो. मग अशा रुग्णाची किडनी चालते कशी? ती स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार करते आणि त्यांच्या बळावर आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. सारी रस्सीखेच आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या नेमकं हेच प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात. दुखणं थांबतं ते त्यामुळेच, आणि किडनीचा मोठा आधार जातो तोही त्यामुळेच. शिवाय अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा असणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

म्हणून स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचा. 'पॅरासिटामॉल' एवढाच शब्द दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे त्याच्या जोडीला ॲसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घातलेल्या गोळ्या सर्रास विकल्या जातात. साधं पॅरासिटामॉल लिव्हरला विष, असा समज घरोघरी आहे आणि त्यापायी लोक उलट जास्त घातक गोळी घेतात. मोजक्या मात्रेत, साधारणपणे दिवसाला 2 ग्रॅमच्या आत, डॉक्टर सिरॉसिसमध्येही तेच देतात. मात्रा मात्र त्यांनीच ठरवायची.

आता कुणी म्हणेल, मग ती एंडोथेलिनची तपासणी करून घेऊ. नको. ती संशोधनाच्या कामाची आहे. आकडा कळून तुमचे उपचार बदलणार नाहीत. तेच पैसे क्रिएटिनिन, सोडियम, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, प्लेटलेट आणि सोनोग्राफीवर खर्च करा. एंडोथेलिनला अडवणारं बोसेंटन हे औषध आहे, पण ते फुफ्फुसातल्या रक्तदाबासाठी, आणि ते स्वतःच लिव्हरला त्रास देऊ शकतं.

"आमच्याकडे कुणी दारूला शिवत नाही, मग सिरॉसिस कसला," हे वाक्यही बाजूला ठेवा. जुहूला राहणाऱ्या अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे, की 1982 मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि लिव्हरचा 75 टक्के भाग निकामी झाला. कळलं ते कित्येक वर्षांनी. फॅटी लिव्हर आणि मधुमेहातूनही सिरॉसिस होतो. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधं 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. जवळच्या पालिका रुग्णालयात चौकशी करा.

आणि पेनकिलर आधीच पोटात गेली असेल तर ती लपवू नका. लघवी कमी झाली, पोट झपाट्याने फुगलं, माणूस गुंगीत बरळू लागला किंवा काळी शौच झाली, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. कूपर, राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत त्याच रात्री जा, आणि ती रिकामी स्ट्रिप बरोबर न्या.