तळाशी बसलेला शब्द

'सेडिमेंट' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'सेदेरे', म्हणजे बसणे, या क्रियापदापासून आला. 'सेशन' आणि 'सेडेंटरी' ही त्याचीच भावंडं. आपणही गाळ 'बसला' असंच म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी निवळणाऱ्या पाण्याकडे पाहून एकच क्रियापद उचलावं, याचा मला फार आनंद वाटतो. मात्र हा शब्द वापरताना जपायला हवं. 'सिल्ट' हा त्याचा समानार्थी शब्द नव्हे. सिल्ट म्हणजे वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून जाड कण. सेडिमेंटमध्ये गोट्यांपासून चिकणमातीपर्यंत सगळं येतं. मराठीतही विहिरीत गाळ असतो, पण तेलाच्या बुधल्यात साका. रक्ततपासणीतल्या 'ईएसआर'मधला 'एस' याच कुळातला: तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, याचं ते मोजमाप. भूगोलातला गाळाचा खडकही याच घराण्यातला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्ह्याच्या बेसॉल्टचा. पण गडचिरोलीत सिरोंचाजवळ डायनासोरचे जीवाश्म सापडले ते गाळाच्या खडकात. आणि धरणात अडलेली माती पुन्हा शेतात नेणाऱ्या 2017 च्या सरकारी योजनेचं नावच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. धरणात अडचण ठरलेला गाळ शेतात कस होतो. म्हणून गाळाला टाकाऊ म्हणू नये. वाहून गेलेल्या काळातलं जे थांबलं, टिकलं, ते त्यातच असतं.