मृतालाही नाव हवे!

1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस पेटली आणि 25 प्रवासी जिवंत जळाले. दुसऱ्याच दिवशी बुलडाण्यात 24 मृतदेहांवर सामूहिक अंत्यसंस्कार उरकण्यात आले. डीएनए तपासणीला वेळ लागेल, नातेवाइकांची संमती आहे, असे सांगण्यात आले. दुःखाने खचलेल्या माणसाकडून घेतलेल्या अशा संमतीला काय अर्थ?

12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. 260 माणसे गेली. त्यांत 52 ब्रिटिश नागरिक होते. तेथे नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए जुळवले गेले आणि सुमारे पंधरवड्यात सर्वांची ओळख पटली. तरीही चुकीचे अवशेष मिळाल्याची तक्रार ब्रिटनमधील काही कुटुंबांनी केली. विमानातल्या मृताला जी तपासणी मिळाली ती बसमधल्या मृताला का नाही, हा आमचा सवाल आहे.

पद्धत नवी नाही. इंटरपोलची मार्गदर्शिका 1984 पासून आहे. चेहरा आणि कपडे यांवर विसंबू नका. बोटांचे ठसे, दात, डीएनए पाहा, हा तिचा गाभा. 2004 च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये तीसहून अधिक देशांची पथके याच पद्धतीने राबली. परदेशी पर्यटकांची ओळख दातांच्या नोंदींवरून लवकर पटली. गरिबाच्या दातांची नोंद कोण ठेवतो? त्याला डीएनएचाच आधार. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही 2010 साली मृतदेहांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत.

ओळख हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. मृत्यूचा दाखला, नुकसानभरपाई, वारसाहक्क, विधवेचे निवृत्तिवेतन, सारे तिच्यावर अवलंबून असते. बाबासाहेबांनी घडवलेल्या राज्यघटनेच्या 21 व्या कलमातील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1995 साली सांगितले. हा हक्क तिकिटाच्या दरावर ठरत नाही.

नाशिकने हे दुःख पाहिले आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत 39 जण गेले. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे औरंगाबाद रोडवर बस पेटून 12 जण गेले. म्हणून 2027 च्या सिंहस्थाच्या आराखड्यात घाट आणि रस्त्यांबरोबर मृतदेहांसाठी शीतगृह, नमुने घेणारे पथक, नातेवाइकांसाठी एकच कक्ष आणि दूतावासांशी बोलणारा अधिकारी हवा. आणि राज्यभर एकच नियम हवा: डीएनए नमुना घेतल्याशिवाय कोणत्याही अनोळखी देहाला अग्नी नाही. शासनाने तसा आदेश काढावा, आणि कार्यकर्त्यांनी तो मागून घ्यावा!