पाल्याच्या लेण्यातील दगड काय सांगतो?



पोलादपूरहून महाड गाठून मुंबईच्या वाटेला लागलात की डोंगराच्या कुशीत गांधारपाल्याची लेणी दिसतात. ती कोणाची, असे विचारताच ‘पांडवांची’ हे उत्तर मिळते आणि आपणही मान डोलावतो! हे मान डोलावणे आता बंद झाले पाहिजे.

तेथील ब्राह्मी शिलालेख काय सांगतो? कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. ज्या भूमीत भिक्षूंना पाणी दान मिळाले, त्याच भूमीत २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर जावे लागले! हा इतिहास पांडवांच्या नावाखाली झाकू द्यावयाचा काय?

पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात तथागत बसलेले आहेत. दोन्ही बाजूंस चवरीधारी सेवक आहेत आणि आसनाखाली चक्र व हरणे आहेत. ही शोभेची नक्षी नव्हे. सारनाथच्या मृगदावात झालेल्या पहिल्या उपदेशाची ती खूण आहे. त्याहून जुन्या शिल्पांत तर तथागतांची मूर्तीच नसे. स्तूप, बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाउले यांवरूनच त्यांना ओळखावयाचे. मस्तकावरील उष्णीष, लांब कान, अंगावर चीवर, हाती शस्त्र नाही, ही अक्षरे ज्याला वाचता येतात त्याला कोणी फसवू शकत नाही.

पण दुसऱ्याची चूक दाखविताना स्वतः चुकू नका. प्रत्येक जुना दगड बुद्धाचा नसतो. अंगावर चीवर नसून छातीवर श्रीवत्स असेल तर ती मूर्ती जिनाची होय. खोटा दावा खऱ्या हक्काचा घात करतो.

आणि मूर्ती ओळखून तिला शेंदूर फासणार, नारळ फोडून नवस बोलणार असाल, तर १९५६ साली नागपुरास आपण काय सोडले? ज्याने स्वतःला देव म्हणविले नाही, त्याला देव करून ठेवणे हा त्याचा सन्मान नव्हे.

येत्या पौर्णिमेस मुलाबाळांसह लेण्यांवर जा. चक्र कोठे, हरणे कोठे, हे मुलांना शोधू द्या. ती पोरे उद्या ‘लेणी कोणाची?’ या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देतील. पाटी बदलण्याची मागणी त्यानंतर करा. ती कोणालाही नाकारता येणार नाही.

जय भीम!