पॉलिसी लहान करा, बंद करू नका

‘‘ताई, या वर्षी राहू दे. गाडी तशी दारातच उभी असते.’’

सांगलीत वाहन विम्याचं काम करताना हे वाक्य मला वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतं. एकदा पाडव्याच्या आगेमागे, एकदा दसरा-दिवाळीला. आपल्याकडे गाडी मुहूर्तावर घरी येते, म्हणून तिच्या विम्याची मुदतही मुहूर्ताच्या सुमारालाच संपते. पाडव्याला मार्चअखेर असते, सोसायटीचं पीककर्ज फिरवायचं असतं. दसऱ्याला ऊस शेतात उभा असतो, बिलाचा पत्ता नसतो आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. नोकरदाराचं गणित थोडं वेगळं, पण तंगी तीच. मुलीची फी थांबवता येत नाही, आईची औषधं तर नाहीच नाही. विमा थांबवला तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. किल्ली फिरवली की गाडी कालच्यासारखीच चालू होते.

असा निर्णय घेणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणणार नाही. त्याच्या हातात असलेले पैसे आणि त्याला सांगितलेला आकडा यांचा मेळच बसत नाही. आणि माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे.

मुदत संपायच्या आधी मोबाइलवर जो निरोप येतो, त्यात एकच रक्कम असते. जुन्या छोट्या गाडीलासुद्धा ती आठ, दहा, बारा हजारांच्या घरात जाते. ही आपल्या बोलीतली ‘फर्स्ट पार्टी’. त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान असतं, घसारा न कापता भरपाई देणारं झिरो डेप असतं, इंजिनाचं संरक्षण असतं, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत असते. कायद्याने सक्तीचा आहे तो यातला एक भाग, थर्ड पार्टी. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. जून 2022 पासूनच्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाचे 2094 रुपये आहेत, हजार ते दीड हजार सीसीला 3416. पंचाहत्तर ते दीडशे सीसीच्या दुचाकीला 714. यावर 18 टक्के जीएसटी धरा. म्हणजे ऑल्टोवाल्याला अडीच हजारांच्या आत आणि स्प्लेंडरवाल्याला साडेआठशेच्या आत कायद्यातली गरज भागवता येते.

बारा हजार झेपत नाहीत म्हणून माणूस शून्य भरतो, कारण मधला अडीच हजारांचा पर्याय त्याच्यापुढे कुणी ठेवलेलाच नसतो. का ठेवत नाहीत, तेही स्पष्ट सांगते. थर्ड पार्टीवर एजंटाला फारच कमी मिळतं. ज्यात काही सुटत नाही ते फोन करून करून कोण विकणार? मी या धंद्यातच आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

शून्य भरण्याची किंमत किती होते, ते एका हिशोबातून पाहू. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मनाला येईल तशी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, गाडीच्या धडकेत चौतीस वर्षांचा एक गवंडी गेला. महिना पंधरा हजार कमावणारा. मागे बायको, दोन मुलं, आई. स्वतःच्या कामावर जगणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे चाळीस टक्के धरतात. पंधराचे एकवीस हजार झाले. तो स्वतःवर जो खर्च करायचा त्यापोटी चौथा हिस्सा वजा, उरले 15750. वर्षाचे 1 लाख 89 हजार. त्याच्या वयाला गुणक सोळा. झाले 30 लाख 24 हजार. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळं.

पंधरा हजार कमावणाऱ्याच्या जिवाचा हा हिशोब आहे. पगारदार इंजिनियर असता तर आकडा कुठल्या कुठे गेला असता.

विमा चालू असेल आणि पॉलिसीची अट मोडलेली नसेल तर ही रक्कम कंपनी भरते, कारण मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत थर्ड पार्टीला रकमेची मर्यादा नाही. विमा नसेल तर चालक आणि मालक भरतात. हातात पैसे नाहीत म्हटल्याने प्रकरण मिटत नाही. न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकारी ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. आमच्या भागात याचा अर्थ शेतकऱ्याला उलगडून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर बोजा म्हटलं की त्याला कळतं. गाडीही लगेच सुटत नाही. विमा नसलेली अपघाती गाडी पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडू नये आणि तारण न दिल्यास ती विकून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितलं आहे.

मला मात्र जास्त टोचतं ते दुसऱ्या घराचं. मिरजेकडच्या एका गावात पाडव्याला विमा संपलेल्या एका जुन्या कारने पावसाळ्यात मोटरसायकलवाल्याला उडवलं. त्याच्या बायकोला निकाल मिळाला, लाखांचा. वसूल कुणाकडून करणार? कारवाल्याकडे दोन खोल्या आणि भावाबरोबर सामाईक अर्धा एकर. ती बाई निकालाची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन माझ्याकडे आली होती, कुठल्या कंपनीकडे जायचं ते विचारायला. जायला कंपनीच नव्हती. त्या मालकाने वाचवलेले अडीच हजार प्रत्यक्षात तिच्या मुलांच्या ताटातून गेले. थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नसतोच. आपल्या गाडीखाली येऊ शकणाऱ्या माणसासाठी तो असतो आणि तो माणूस बहुतेक वेळा आपल्यापेक्षा गरीब असतो, पायी नाहीतर दुचाकीवर असतो.

आता ‘नव्वद दिवस चालतात’ या समजाबद्दल. हा समज इतका पसरला आहे की शिकलेली माणसंही माझ्याशी त्यावरून वाद घालतात. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केलं तर फक्त तुमचा नो क्लेम बोनस टिकतो. त्या नव्वद दिवसांत विमा चालू नसतो. एक दिवससुद्धा नाही. विमापत्रावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. सकाळी अपघात झाला आणि दुपारी पॉलिसी काढली, तर सकाळचा अपघात उघड्यावरच राहतो. आधी प्रीमियम, मग जोखीम, असं 1938 चा विमा कायदाच सांगतो. नव्वद दिवस उलटले की बोनसही जातो. पाच वर्षं क्लेम न घेता कमावलेली पन्नास टक्के सूट गेली की स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता थेट दुप्पट होतो, वर गाडीची तपासणी. यंदा वाचवलेल्यातला मोठा वाटा पुढच्या वर्षी परत जातो.

दुचाकीवाल्यांची अडचण आणखी निराळी. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो. पाच वर्षं काही करावं लागत नाही, म्हणून सहाव्या वर्षी आठवणही होत नाही. तोवर गाडी धाकट्या भावाकडे किंवा मेव्हण्याकडे गेलेली असते आणि नोंदवलेला मोबाइल नंबर बदललेला असतो.

तंगीत गाडी विकणाऱ्यांनी एक गोष्ट जिवापाड सांभाळावी. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत गाडी विकली असं समजू नका. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. चार हात फिरलेल्या गाडीचा विमा चौथ्याने भरला नाही, तर नोटीस पहिल्याच्या घरी येते.

‘गाडी उभीच असते’ याचं उत्तर सांगलीकराला तरी मी द्यायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा शामरावनगरात, मारुती चौकात उभ्या गाड्याच बुडाल्या. थर्ड पार्टीत या नुकसानीचा एक रुपया मिळत नाही, हे लपवायचं कारण नाही. नदीकाठी राहणाऱ्याने शक्य असेल तर झिरो डेपसारखी जोडणी वगळावी, छोटं नुकसान स्वतः सोसायची रक्कम वाढवून हप्ता उतरवावा, पण फर्स्ट पार्टी ठेवावी. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची तशी अटच असते. पण अगदीच जमत नसेल, तर दीड लाखाची जुनी गाडी बुडण्याचा धोका पत्करता येतो. तीस लाखांचा नाही पत्करता येत. आणि थर्ड पार्टी काढताना मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण वगळू नका. काहीशे रुपयांचा खर्च आहे. गाडी चालवताना घरचा कर्ता गेला तर ते पैसे त्याच्याच घरी येतात.

देशातली निम्म्याहून अधिक वाहनं विम्याविना आहेत, हे सरकारी आकडेवारीतूनच पुढे आलं आहे. यावर आपला उपाय काय? दंड. पहिल्यांदा 2000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 4000. म्हणजे दंड जवळपास छोट्या कारच्या विम्याएवढाच. तो भरून माणूस तसाच, विम्याशिवाय, पुढच्या चौकात जातो. खिशातले विम्याचे पैसे दंडात गेले, रस्त्यावरचा धोका तेवढाच राहिला. पहिल्यांदा सापडणाऱ्याला ठरावीक दिवसांत थर्ड पार्टी काढून दाखवली तर दंड माफ, अशी तरतूद का असू नये? रस्त्यावरच्या माणसाला संरक्षण मिळणं महत्त्वाचं, की तिजोरीत दोन हजार जमा होणं?

कंपन्यांकडून मला एवढंच हवं आहे की नूतनीकरणाच्या निरोपात पहिली ओळ थर्ड पार्टीच्या रकमेची असावी आणि बाकीचं त्याखाली यावं. विमा प्राधिकरणाने ते सक्तीचं करावं. विमा हप्त्याने भरायची सोय सहज मिळत नाही, तर मधली जागा आमच्या पतसंस्थांनी भरून काढावी. सांगली जिल्ह्यात त्या गावोगावी आहेत. पंपाला, म्हशीला, लग्नाला कर्ज देतात. सभासदाच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता पतसंस्थेने मुदतीआधी भरावा आणि महिन्याला सव्वादोनशे रुपयांनी वर्षभरात वळता करून घ्यावा, व्याजासकट. रोज दारात येणारा पिग्मीवाला तेवढे पैसे सहज गोळा करतो. जूनमध्ये वसुलीचा ताण कमी असतो तेव्हा एखाद्या शाखेने सभासदांच्या आरसीच्या नकला मागवून मुदतींची वही केली, तर पुढचे सगळे हप्ते वेळेवर भरता येतील. ती वही करून द्यायला मी तयार आहे, त्याचे पैसे घेणार नाही.