परत फिरण्याची हिंमत

'बर्फ' आणि 'हिंमत' हे दोन शब्द तुम्हाला मराठीत नव्याने शिकावे लागत नाहीत. ते उर्दूतही आहेत. 'हिमस्खलन' हा शब्द मात्र शिकावा लागतो. डोंगरउतारावरचा बर्फाचा थर एकाएकी सुटून खाली कोसळतो, त्याला हिमस्खलन म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तरीही हिमस्खलनाची बातमी वाचली की मला हेमलकसा आठवते.

हेमलकसा हे भामरागड तालुक्यातले, दाट जंगलातले गाव. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. ती पुढे भामरागडजवळ पामुलगौतम आणि इंद्रावती यांना मिळते. तिच्यावरचा जुना पूल ठेंगणा होता आणि पावसाळ्यात तो वारंवार पाण्याखाली जाई.

एका ऑगस्ट महिन्यात आम्ही तिघे शिक्षक जीपने त्या पुलाशी पोचलो. ऊन पडले होते. पाण्याखाली पूल दिसत होता. आमच्यासमोरच एक मोटारसायकलवाला पलीकडे गेला. "तो गेला ना? मग आपणही जाऊ," असे मीच ड्रायव्हरला म्हणालो. काठावर एक माडिया म्हातारा उभा होता. त्याने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि म्हणाला, "गुरुजी, थांबा. पाणी चढते आहे." मला ते पटले नाही. पाऊस नसताना पाणी कसे चढेल? पण अर्ध्या तासात काठी निम्मी बुडाली.

कारण साधे होते. इंद्रावती ओडिशात उगम पावते आणि बस्तरमधून वाहत येते. पाऊस तिकडे पडतो आणि पूर इकडे येतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटाच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते. आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून नदीचा अंदाज करता येत नाही. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार उचलली जाऊ शकते.

बर्फाचेही असेच आहे. हिवाळा संपत आला की रात्री बर्फ गोठून घट्ट होतो. सकाळी त्यावरून चालता येते. ऊन तापले की वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते आणि थरांची एकमेकांवरची पकड सुटू लागते. वरून उतार तसाच पांढरा, शांत दिसतो! म्हणून जाणकार गिर्यारोहक पहाटे निघतात आणि ऊन चढण्याआधी परततात. कोणाची पावले उमटलेली दिसली, म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. तो माणूस सकाळी गेला असेल, आपण दुपारी जात असतो. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच फार मोलाची असतात.

आपल्याकडे पूर ओलांडणाऱ्याला मर्द म्हणतात आणि थांबणाऱ्याला भित्रा. माझ्या मते हे साफ चूक आहे. सोबत्यांसमोर "मी जात नाही" म्हणायला जास्त हिंमत लागते. मला ती त्या दिवशी झाली नव्हती. म्हाताऱ्याने थांबवले म्हणून मी थांबलो, एवढेच.

तुम्ही विचाराल, पलीकडे बाळंतीण अडली असेल तर? तिलाही थांबा म्हणायचे का? हा प्रश्न खरा आहे. परत फिरणे सर्वांच्या हाती नसते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ जण अडकले, त्यांपैकी ८ दगावले. ते मजुरीसाठी तेथे राहत होते. अशांना धीराचा उपदेश करून भागत नाही. त्यांना सुरक्षित जागी छावणी हवी, वेळेवर इशारा हवा. नदीकाठच्या लोकांना उंच पूल हवा, पावसाळ्याआधी गावात औषधे हवीत. हे काम सरकारचे आहे आणि ते मागण्याचा लोकांना हक्क आहे. आम्हा तिघांना मात्र कसलीच निकड नव्हती. आम्हाला फक्त वेळेवर जेवायचे होते.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरले. पुलावर गुडघाभर गाळ होता आणि मधोमध एक आख्खे झाड आडवे पडले होते. म्हातारा तेथेच होता. तो आपली काठी शोधत होता.